मान पाहा, शेपूट पाहा

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकलं आणि मध्य प्रदेशात शिरलं की पाट्या हिंदीत होतात, पण कानावर पडते ती आपलीच मराठी. सौंसर हे माझं गाव. 2023 मध्ये आमचा तालुका छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. संत्र्याच्या बागा आणि जामसावळीचा निजलेला मारुती मात्र होते तिथेच आहेत.

यंदा पोळ्याला सात वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. परदेशात कुणी पाळलेल्या बोआ सापाचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. बागेत फिरताना म्हणाली, "बाबा, आपल्याकडे बोआ असतो का?"

असतो! अमेरिका खंडातल्या त्या मोठ्या बोआचे दोन छोटे नातेवाईक आपल्याकडे आहेत, मांडूळ आणि दुरक्या घोणस. दोघेही बिनविषारी, उंदीर आवळून मारणारे. अजगरही आवळतो, पण तो अंडी घालतो. हे पिल्लांना जन्म देतात. मांडूळ ओळखणं सोपं. अंग गुळगुळीत, तपकिरी आणि शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून तो दुतोंड्या. फसवते ती दुरक्या घोणस.

मी दहा वर्षांचा असेन. काकांनी एकदा ती काठीनं उचलून बांधावर सोडली होती. "हा काही करत नाही," म्हणाले होते. पुढच्या पावसाळ्यात पऱ्हाट्यांच्या ढिगाशी तसाच नक्षीदार साप दिसला. मी बिनधास्त हात पुढे केला.

"हात नको लावू, बावा! परड आहे थे!" काकांनी मनगट धरून मागे खेचलं. तेवढ्यात कुकरची वाफ सुटावी तसा फूत्कार ऐकू आला. परड म्हणजे खरी घोणस, अतिविषारी.

त्या संध्याकाळी काकांनी अंगणात काडीनं दोन साप काढून दाखवले. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा. दुरक्याची मान वेगळी दिसतच नाही, डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट एकदम आखूड. आणि शंका आली, तर लांबच राहायचं. साप चावलाच, तर ओळखत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

या गोंधळात दुरक्या घोणस विनाकारण मारली जाते. मांडुळाचं दुखणं वेगळंच. गुप्तधनाच्या खुळापायी त्याची तस्करी होते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे.

यंदा काकांनी लेकीसाठी तीच चित्रं पुन्हा अंगणात काढली. हात आता थरथरतो, पण ठिपक्यांच्या रांगा चुकल्या नाहीत.

"आजोबा, मग दुरक्या आपण पाळू या का?"

काका हसले. "पाळाले कायले पायजे? थो रायतेच नं आपल्या वावरात!"