ठकीसाठी स्थळ

मुलीसाठी स्थळं पाहताना आईबापांच्या चपला झिजतात म्हणतात. माझ्या झिजल्या त्या एका कुत्रीपायी! हसू नका मैत्रिणींनो, आधी ऐका तर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर आला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी परतलो. घर कसलं, नुसता चिखल! जिन्याखालच्या गोणपाटावर काहीतरी हललं. मला वाटलं घूस. अर्धी साबणाची वडी संपली तेव्हा आतून पांढरी पॉमेरेनियन निघाली, मांजराएवढी. गळ्यात तुटका पट्टा, म्हणजे कुणाची तरी लाडकी असणार. कोपऱ्यावरच्या दुकानात कागद चिकटवला, आसपास विचारून पाहिलं. कुणी आलं नाही. दातांवरून डॉक्टरांनी चार-पाच वर्षांची असेल म्हणून सांगितलं. आम्ही नाव ठेवलं ठकी.

ठकी भारी भित्री. दहा दिवस कॉटखालून बाहेर आली नाही. मी वाकून 'ये, ये' करायची, तशी ती आणखी भिंतीला चिकटायची. डॉक्टर म्हणाले, "वाकू नका, डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका. तिच्याकडे पाठ करून खाली बसा आणि आपलं काम करा." मग मी तिथंच भाजी निवडायला बसू लागले. अकराव्या दिवशी गवारीच्या शेंगा मोडत होते, तर कोपराला ओलं नाक लागलं. तो आनंद काय सांगू!

पण ठेवून घेणं शक्य नव्हतं. सासूबाईंना दमा. ठकीनं अंग झाडलं की त्यांना पंप ओढावा लागे. बिचाऱ्या स्वतः काही बोलल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं.

त्यातच एका पहाटे ठकी आडवी पडून पाय झाडू लागली. तोंडाला फेस, खाली लघवी. सासूबाई ओरडल्या, "अगं, कांदा फोडून नाकाशी धर!" मी कांदा आणायला धावलेसुद्धा. हे सगळं चूक असतं हे नंतर कळलं. आकडी आली की तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही. जवळच्या टोकदार वस्तू सरकवायच्या, दिवा मालवायचा, आवाज करायचा नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकापाठोपाठ एक येऊ लागल्या, तर तडक डॉक्टर. महिन्यात तीनदा आकडी आली, तेव्हा फेनोबार्बिटोनची गोळी सुरू झाली. रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, आणि बहुधा जन्मभर. या गोळीनं तहान-भूक वाढते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मनानं एकदम बंद तर कधीच करायची नाही.

आता अशा मुलीला करणार कोण?

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. जवळच्याच गावातलं एक कुटुंब पाहायला आलं. घर चांगलं, मुलं समजूतदार. ठकीच्या भित्रेपणाचं सगळं सांगितलं, खाण्याचं सांगितलं, कांदा-लसूण घातलेलं देऊ नका म्हटलं. आणि गोळीची पुडी हातात देताना तोंडातून निघून गेलं, "ही शक्तीची गोळी. सकाळ-संध्याकाळ द्या."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी नजर चुकवली.

शक्तीच्या गोळीचं कौतुक किती दिवस राहणार? पुडी संपली, त्यांनी नवी आणली नाही. त्यांची काय चूक? चौथ्या दिवशी एकाच रात्री ठकीला चार आकड्या आल्या. सकाळी ते गृहस्थ तिला पोत्यात गुंडाळून दारात उभे. चार शब्द बोलले. मी मान खाली घालून ऐकले.

त्या दिवशी मला आत्या आठवली. तिलाही आकडी यायची. लग्नात लपवलं होतं. सासरी जाताना ट्रंकेत बाटली दिली, तीसुद्धा 'शक्तीचं औषध' म्हणूनच! चार महिन्यांत आत्या त्याच ट्रंकेसकट परत आली, ती कायमची. लहानपणी मला तिच्या सासरच्यांचाच राग यायचा. बाटली भरून देणारी आजी मला कधी दिसलीच नव्हती.

ठकी पंधरा दिवसांत सावरली. मग मी फुलस्केप कागदावर सगळं लिहिलं, आकडीचं अगदी पहिल्या ओळीत, आणि येईल त्याला आधी तो वाचायला देऊ लागले. सात जण चहा पिऊन गेले. 'कळवतो' म्हणाले. तुम्हाला हा शब्द माहीतच आहे.

आठव्या आल्या त्या ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई. एकट्या राहणाऱ्या, साठीच्या. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "गोळी पोळीच्या तुकड्यात दिली तर चालेल ना? मलाही आठ वाजता बीपीची असते." मी तरी हो म्हटलं नाही. तीन संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं. त्या कॉटकडे पाठ करून हूक लावत बसायच्या. तिसऱ्या दिवशी ठकीनं त्यांची टाच हुंगली. मग मी त्यांचं घर पाहून आले. दोन खोल्या, तळमजला, दाराला कडी नीट. पंधरा दिवस न्या, जमलं तरच ठेवा, नाहीतर माझं दार उघडं आहे, असं बजावून पाठवलं.

ती परत आली नाही. बाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडी आली त्या दिवशी लाल फुली असते; कधी दोन-दोन महिने एकही नसते. ठकी आता म्हातारी झाली आहे, ऐकायलाही कमी येतं. मागच्या महिन्यात पोलकं टाकायला गेले होते. एक नवी गिऱ्हाईक आत येत होती. बाईंनी मशीन थांबवलं आणि माप घेण्याआधी तिला म्हणाल्या, "आमच्या ठकीला आकडी येते हं. आली तर घाबरू नका, नुसता दिवा मालवा."