हरसूलच्या माणसाचे नाशिकमधले घर

महाराष्ट्राची राजधानी मुंबई असली, तरी हरसूल परिसरातल्या माणसाची राजधानी नाशिक हीच आहे. आदिवासी विकास आयुक्तालय, आदिवासी विकास महामंडळ, जात पडताळणी, जिल्हा रुग्णालय, विभागीय आयुक्तांची कचेरी ही सारी कामे पन्नास-साठ किलोमीटरवर नाशकातच होतात. हरसूल पूर्वी पेठ तालुक्यात होते. १९९९ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुका झाला आणि ते त्यात आले. तालुका बदलला, पण मोठ्या कामाला नाशिकच गाठायचे ही सवय बदलली नाही. प्रस्तुत लेखक हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा, व्यवसायाने शिक्षक. नाशिकच्या पेठ रोड भागात त्याने आधी भाड्याने आणि मग मालकीच्या घरात जी वर्षे काढली, त्यांवर पुढील विवेचन आधारलेले आहे.

हरसूलहून नाशकात येणे सहसा तीन टप्प्यांनी होते. पहिला टप्पा ‘जगायला जाण्याचा’. भात आणि नागली घरात आली की माणसे गिरणारे, दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे निघतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून डिपिंग, विरळणी, काढणीपर्यंत तिथे हाताला काम असते. गिरणाऱ्याला आणि नाशकातल्या पेठ फाट्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो. दुसरा टप्पा भाड्याच्या खोलीचा. तो बहुधा शिक्षणामुळे येतो : वसतिगृहात नंबर लागला नाही की चार पोरे मिळून एक खोली घेतात आणि गावाकडून आलेला तांदूळ रांधतात. लेखकाची नाशकातली सुरुवात अशाच खोलीत झाली. तिसरा टप्पा मालकीच्या घराचा. इथवर पोचतात ते बहुतांशी पगारदार : शिक्षक, पोलीस, परिचारिका, एसटीचे कर्मचारी. यामागे कर्तबगारीपेक्षा बँकेचा हिशेब अधिक आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

हरसूल परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीच्या नावे करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी त्यापूर्वी शासनाची मान्यता. ही कडक तरतूद १९७४ ची. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचा मार्ग खुला झाला. वनहक्क कायद्याखालचा वनपट्टा वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. या बंधनांमुळेच पाड्यावरच्या जमिनी पाड्यावर राहिल्या, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार करणे लेखकाला पटत नाही. मात्र त्यांचा दुसरा परिणामही मान्य करावा लागतो. अशा जमिनीला खुल्या बाजाराचा भाव नसतो आणि भाव नसलेल्या वस्तूवर बँक हात राखूनच पैसा देते. चार एकरांचा धनी घरकर्जाच्या खिडकीवर पगारचिठ्ठीवाल्याच्या मागे उभा राहतो. म्हणून या भागातल्या कुटुंबात शहरातला फ्लॅट ही बऱ्याचदा बँकेने डोळे झाकून तारण धरावी अशी पहिलीच मिळकत असते.

पगारचिठ्ठी नसलेले लोक रोखीने गुंठा-दीड गुंठा घेतात. महापालिकेच्या हद्दीलगत असे गुंठेवारीचे तुकडे पुष्कळ विकले गेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने जुने तुकडे नियमित करण्याची सोय केली. परंतु ३१ डिसेंबर २०२० नंतर पाडलेल्या तुकड्याला ती लागू नाही. विकणारा ही तारीख सांगत नाही.

भाग निवडताना हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची माणसे पंचवटीच्या वरच्या अंगाला वळतात : पेठ रोड, म्हसरूळ, मखमलाबाद, दिंडोरी रोड. गंगापूर रोड परवडत नाही हे एक कारण. दुसरे असे की या भागातून गावाची वाट धरता येते. मखमलाबादहून गिरणारे आणि वाघेऱ्यावरून हरसूल. बाजार समितीचे आवार आणि आरटीओही याच बाजूला. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा मखमलाबाद, म्हसरूळ ही गावे तिच्यात आली, पण कितीतरी वर्षे तिथे द्राक्षांचे मांडवच दिसत. आजही एका गॅलरीतून समोरची बाग आणि मागच्या गॅलरीतून सात मजली इमारत दिसते.

व्यवहारात लेखकाने पहिली चूक केली ती बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घाईने पैसे भरण्याची. ताबा दीड वर्ष लांबला. तोवर खोलीचे भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकाच पगारातून गेले. बांधणाऱ्याने करार न नोंदवता किमतीच्या चौथाईइतकी रक्कम घेतली होती. रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लेखकाला पैसे भरल्यावर कळले. त्याखालची राज्याची यंत्रणा, महारेरा, १ मे २०१७ पासून आहे, तरी तिच्या कक्षेत सगळे येत नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पाचशे मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पेठ रोडच्या आतल्या गल्ल्यांतल्या कितीतरी छोट्या इमारती यामुळे बाहेर राहतात, आणि कमी बजेटचा ग्राहक नेमका तिथेच जातो.

कागदांत सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि पूर्णत्वाचा दाखला पाहतात. आदिवासी ग्राहकाने आणखी एक गोष्ट पाहावी : जुन्या सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना. मूळ जमीन आदिवासी खातेदाराची होती आणि परवानगीचा आदेश जोडलेला नाही, असे निघाले तर तो व्यवहार सोडावा. दुसऱ्याच्या पाड्याची गेलेली जमीन आपल्या दिवाणखान्याखाली असू नये, एवढे तरी हरसूलच्या माणसाला समजायला हवे.

किमतीवरचा खर्च लोक विसरतात. पाच टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर एक टक्का स्थानिक अधिभार, एक टक्का नोंदणी फी (कमाल ३० हजार रुपये). घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. लेखकाच्या घरावर पत्नीचे नाव आहे त्याला हेही एक कारण, दुसरे ती स्वतः कमावते हे. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी. ९० चौरस मीटरच्या आतल्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या घरावर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो नाही. पुढे घरपट्टी, पाणीपट्टी, मेंटेनन्स.

राहण्याचा भाग या हिशेबात मावत नाही. सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत लेखकाच्या दारापुढच्या चपलांचा विषय निघाला. तक्रार खरी होती. जिल्हा रुग्णालयात कोणी भरती झाले, पोलीसभरतीची परीक्षा आली, पडताळणीची तारीख लागली, की पाड्यावरचे लोक मुक्कामाला इथेच येतात. उलट दिशेने एसटीच्या टपावरून तांदळाच्या गोण्या, नागली, खुरासणी येते. वर्षाचा धान्याचा खर्च जवळजवळ वाचतो आणि तेवढ्याने हप्ता पेलतो. घर नाशकात असले तरी त्याला हरसूल पोसते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दलाल घराचा भाव किती चढला ते सांगतात. सिंहस्थ जवळ आला की ते जास्तच सांगतात. तो भाव विकणाऱ्याच्या कामाचा; या घराचा विकण्याचा प्रश्न नाही. आतापर्यंत चुलतघरातल्या तीन मुलींनी इथे राहून शिक्षण पुरे केले, त्यांतली एक परिचारिका आहे. सध्या दोन खोल्यांत सहा जण राहतात. कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी आहेत.