भिंतीवरची रेघ

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी पुण्यात लॅपटॉपसमोर होतो. बाबांचा फोन लागत नव्हता. आमच्या स्टेशनरीच्या दुकानात भिंतीवर २००५च्या पुराची रेघ होती. महागाचा माल बाबा कायम तिच्या वर ठेवायचे. या वेळी पाणी त्याच्याही वर गेलं.

तिसऱ्या दिवशी पोचलो. वह्यांचा लगदा झालेला, उधारीच्या वहीचाही. "आता हिशोब मोबाइलवर घेऊ, बॅकअप राहील," मी म्हटलं. बाबा चिखल ओढत राहिले.

टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६मध्ये आघातानंतरची वाढ मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं, वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते. आणि ती झाली म्हणून त्रास संपत नाही.

हे मी बाबांमध्ये पाहतोय. दिवाळीआधी दुकान उघडलं. काही गिऱ्हाइकं आपणहून उधारी देऊन गेली, काही फिरकलीच नाहीत. आजही पावसाच्या रात्री बाबांचा फोन येतो, "झोप लागत नाही रे. बोल जरा." पुराआधी हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

भिंतीवर आता नवी रेघ आहे. "माल तिच्या वर ठेवता ना?" मी विचारलं.

"कितीसा मावणार? पाऊस वाढला की शेजारच्यांना हाक मारतो. सगळे मिळून उचलतो."

आधी बाबा कुणालाच हाक मारायचे नाहीत.