निकाल लागल्यावर मतदार यादी उघडा

निवडणुकीच्या निकालानंतरचे आठ-पंधरा दिवस आपल्या वस्तीत फार वाईट जातात. प्रचारात एका वडापावचे दोन तुकडे करून खाणारे कार्यकर्ते एकमेकांची गल्ली टाळू लागतात. कोण फुटले, कोणी पाकीट घेतले, कोणाच्या घरी रात्री बाराला कोण आले होते, याचीच चर्चा नळावर, रिक्षा स्टँडवर आणि विहाराच्या पायरीवर. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीतही तेच झाले. २३ तारखेला दुपारपर्यंत आपल्या उमेदवाराचे काय झाले ते कळले आणि संध्याकाळी कोणाच्या घरातून टीव्हीचा आवाजसुद्धा आला नाही.

पुढच्या रविवारी विहारात बैठक झाली. बैठक कसली, पंचनामाच. एक काका म्हणाले, समाज विकला गेला. दुसरे म्हणाले, आपल्यातच तीन गट, तिघांचे तीन उमेदवार, मग दुसरे काय होणार? तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक बावीस वर्षांचा मुलगा उठला. प्रचारात सर्वांत जास्त राबलेला तो. मला म्हणाला, "ताई, मी आठ दिवस कामावर खाडे केले. आठ दिवसांची हजेरी गेली. आपलीच माणसे आपल्याला मत देत नसतील तर यापुढे मला बोलवू नका. मी मतदानालाही जाणार नाही." गळ्यातला निळा गमछा त्याने घडी करून सतरंजीवर ठेवला आणि निघून गेला. फेकला असता तर एवढे वाटले नसते. त्याने नीट घडी केली होती.

त्याला द्यायला माझ्याजवळ भाषण नव्हते, मतदार यादी होती. मी एका खाजगी ट्रान्सपोर्ट कंपनीत बिले काढणारी क्लार्क. सरकारी नोकरी नाही, त्यामुळे उघडपणे प्रचार करता येतो, तेवढाच काय तो फायदा. मतदानाच्या दिवशी मी पहाटे साडेपाचला मॉक पोलसाठी केंद्रावर हजर होते आणि संध्याकाळी यंत्राला सील लागून १७-सी नमुन्याची प्रत हातात पडेपर्यंत पोलिंग एजंट म्हणून बसले होते. मत देऊन गेलेल्या प्रत्येक नावापुढे मी खूण केली होती. कोणी कोणाला मत दिले ते देवाला माहीत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. पण कोण आले आणि कोण आले नाही, ते त्या यादीत होते.

बी.कॉम.ला आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. ताळेबंद जुळत नसेल तर कॅशियरला चोर म्हणण्याआधी नोंदी तपासायच्या. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मी लाल पेन घेऊन बसले आणि खूण नसलेली नावे वेगळी काढली. मग महिला मंडळाच्या तिघी आणि मी, दर रविवारी चार-चार घरे करत गेलो.

समाज विकला गेला म्हणणाऱ्या काकांनी आमच्याबरोबर यायला हवे होते. एका घरात पाच नावे, त्यातले एक वारलेले, दोन मुली लग्न होऊन टिटवाळा आणि बदलापूरला गेलेल्या. त्यांची नावे इकडे यादीत, तिकडे नाहीत, म्हणजे मत कुठेच नाही. एका खोलीतले भाडेकरू कधीच अंबरनाथला गेले होते. एक आजी काठी टेकत केंद्रावर गेल्या, तर त्यांचे नाव शाळेच्या दुसऱ्या इमारतीतल्या केंद्रावर निघाले. तिथपर्यंत त्यांना कोणी नेले नाही. दोन पोरींना अठरा कधीच पूर्ण झाली होती, पण सहा नंबरचा फॉर्म भरायचा असतो हेच कोणी त्यांना सांगितले नव्हते. गोदामात रोजंदारीवर जाणाऱ्या एका भावाला मुकादमाने स्वच्छ सांगितले होते, आज आलास तर पगार, नाहीतर उद्याही येऊ नकोस.

पाकीट घेतलेले नव्हतेच असे मी म्हणत नाही. होते. पण दारावरच्या रिकाम्या नावांच्या तुलनेत ते थोडे होते. आपण मात्र पंधरा दिवस त्या थोड्यांचीच चर्चा केली.

त्या मुकादमाचे उदाहरण घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली १३५-बी हे कलम आले. मतदानाच्या दिवशी कामगाराला सुट्टी द्यायची आणि तिची मजुरी कापायची नाही, असे त्यात आहे. हा हक्क रोजंदारीच्या माणसालाही आहे. पण आमच्या वस्तीत ही गोष्ट दहा माणसांनाही माहीत नव्हती. आम्ही प्रचारात घोषणा दिल्या, गाणी लावली, रॅली काढली. हे कलम एका कागदावर छापून घरोघर दिले असते तर झेरॉक्सचा खर्च बॅनरपेक्षा कमी आला असता.

बाबासाहेब हरले होते, हे आपण मुलांना फारसे सांगत नाही. जयंतीच्या भाषणात ते येत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, उत्तर मुंबईतून ते काजरोळकरांकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पडले. ज्यांनी घटना लिहिली, त्यांना त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत लोकांनी घरी पाठवले. त्याच निवडणुकीत सोलापुरातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. माझी आजी सोलापूरची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि फेडरेशनची खूण हत्ती होती. आजी म्हातारपणी सांगायची, मला वाचता येत नव्हते, पण हत्ती ओळखता येत होता. मुंबईची बातमी सोलापुरात आली तेव्हा म्हणे घरात चूल पेटली नाही.

पण तिला मत मिळाले कसे? १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. त्या काळात मताचा हक्क जमीन, कर आणि शिक्षण पाहून मिळायचा. आपल्याकडे यातले काहीच नव्हते. त्यांनी तेव्हापासून हा विषय धरला, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि एका निरक्षर बाईच्या हातात मतपत्रिका पडायला १९५२ साल उजाडले. साक्षीपासून पेटीपर्यंत तेहतीस वर्षे.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा पडले. ती द्विसदस्य जागा होती, प्रत्येक मतदाराला दोन मते. जुने कार्यकर्ते सांगतात, काहींनी सुचवले होते की आपल्या लोकांनी एकच मत द्यावे, दुसरे कोरे सोडावे, म्हणजे आपली बाजू वर येईल. आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. मला या आठवणीत आजचा एक प्रश्न दिसतो. आपण आपल्या चार गल्ल्यांतच प्रचार करतो. शेजारच्या चाळीतल्या मातंग, आगरी, मुसलमान, उत्तर भारतीय घरांत आपण पत्रक टाकतो, पाय ठेवत नाही. नुसत्या आपल्या मतांवर विधानसभेची जागा निघत नाही, हे गणित समजायला बी.कॉम.ही लागत नाही. नळाचे पाणी त्यांच्याकडेही रात्री दोनलाच येते.

हरल्यावर बाबासाहेबांनी काय केले, ते बघा. मार्च १९४६ मध्ये प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनची वाताहत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि जुलैमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर गेले. १९५२ च्या पराभवानंतर १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय निघाले. फोर्टातल्या त्याच कॉलेजातून मी बी.कॉम. झाले. तो पराभव मनाला लावून ते घरी बसले असते, तर आज ट्रान्सपोर्ट कंपनीत बिले काढायलाही मी नसते. भंडाऱ्यानंतर अडीच वर्षांच्या आत नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. तब्येत किती खालावली होती, ते सर्वांना माहीत आहे.

त्या मुलाच्या घरी मी लगेच गेले नाही. दोन आठवडे जाऊ दिले. राबलेल्या माणसाला हरल्यावर राग येतो आणि त्याला थोडे दिवस रागावू द्यावे, असे माझे मत आहे. आपले पुढारी इथेच घाई करतात. दुसऱ्याच दिवशी "खचू नका" म्हणून मेसेज पाठवतात. मेसेज पाठवणारा कधी खाडा करून प्रचाराला आलेला नसतो.

मग गेले, ती त्याच्या आईकडे. तिचे मत झाले नव्हते. चार वर्षांपूर्वी ते लोक वरच्या गल्लीतून खाली राहायला आले आणि यादीत पत्ता जुनाच राहिला. ज्या मुलाने आठ दिवस दुसऱ्यांच्या दारावर स्लिपा वाटल्या, त्याच्या घरातली स्लिप जुन्या खोलीच्या दारात पडून होती. मी त्याला काही बोलले नाही. यादीतली ती ओळ दाखवली. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे आईच विकली गेली होती की काय?" आणि स्वतःच हसला. मोबाईलवर आठ नंबरचा फॉर्म त्यानेच भरला.

तो परत पूर्वीसारखा झाला असे नाही. बैठकीला येत नाही, पुढाऱ्यांचे नाव काढले की उठून जातो. पण रविवारी तासभर येतो. वारलेल्यांसाठी सात नंबरचा फॉर्म, पत्ता बदललेल्यांसाठी आठ, नवीन नावांसाठी सहा, असे तीन गठ्ठे त्याने केले आहेत. २०२२ पासून वर्षातून चार तारखा मिळतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण होणाऱ्यांचे नाव लागते आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींना आधीच अर्ज करता येतो. महापालिकेलाही वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

माहेरच्या यादीत अडकलेल्या मुलींचे काम सर्वांत अवघड निघाले. सासरी नाव लावायचे तर तिकडचा पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो सासूच्या कपाटात असतो. दोन सासवांना मी स्वतः फोन केला. एक म्हणाली, "आधी माझे नाव बघा हो, मीच तीन निवडणुका झाल्या गायब आहे." आता येत्या रविवारी बदलापूरला जायचे आहे. तो मुलगा म्हणतो, ताई, प्रिंटाऊट मी घेऊन येतो, पण लोकल दुपारची धरा, सकाळी मला पाणी भरायचे असते.