बुधवारचा भाव

मेलबर्न,
मंगळवार, रात्र

ती. आप्पाकाका यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा मोठा देश आणि वाणी दोनच? मग भाव पाडणार कोण?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. मिरजेच्या पेठेत चाळीस वर्षं तराजू धरलेल्या माणसाला यात रस वाटेल, अशी तुमच्या पुतणीची खात्री आहे.

तुमचे दोन वाणी म्हणजे वूलवर्थ्स आणि कोल्स. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने वर्षभर चौकशी करून मार्च 2025 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातल्या सुपरमार्केटांच्या किराणा विक्रीपैकी 38 टक्के वूलवर्थ्सकडे जाते आणि 29 टक्के कोल्सकडे. 2001 साली सिडनीत पहिलं दुकान थाटलेल्या जर्मन आल्डीला इतक्या वर्षांत 9 टक्क्यांपर्यंत मजल मारता आली. कॉफलँड ही दुसरी जर्मन कंपनीही आली होती. तिने जागा घेतल्या, माणसं नेमली आणि जानेवारी 2020 मध्ये एकही दुकान न उघडता गाशा गुंडाळला.

तुमच्याकडचं गिऱ्हाईक बिस्किटाचा पुडा हातात घेताच आधी उलटा करून छापील किंमत बघतं. इथे पुड्यावर किंमतच नसते. ती असते फळीच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीवर, आणि दोन्ही मोठ्या दुकानांत सवलतीच्या चिठ्ठ्या बदलण्याचा वार ठरलेला: बुधवार.

गोऱ्या माणसाला घासाघीस जमत नाही, असं आपल्याकडे समजतात. जमते, फक्त ती तोंडाने होत नाही. कॉफी, कपड्यांचा साबण, भांड्याच्या यंत्रात टाकायच्या वड्या असल्या वस्तू काही आठवड्यांच्या अंतराने निम्म्या किमतीला येतात, हे इथल्या मुरलेल्या गिऱ्हाइकाला पाठ असतं. ते थांबतं. निम्मा भाव लागला की सहा-सहा डबे उचलून गॅरेजमध्ये रचून ठेवतं. संध्याकाळी उशिरा मांस आणि पाव यांच्या फळ्यांपाशी काही मंडळी उगाच रेंगाळताना दिसतात. उद्या मुदत संपणाऱ्या मालावर कर्मचारी कमी किमतीची चिठ्ठी कधी डकवतो, याची ती वाट असते. आपल्याकडे बाजार उठताना भाजीवाली शेवटचा वाटा स्वस्तात देते, तेच हे. फक्त "घ्या हो ताई" एवढं कोणी म्हणत नाही. खिशात सदस्यत्वाची कार्डं दोन्ही दुकानांची. आल्डीत ढकलगाडी सोडवायला नाणं अडकवावं लागतं आणि पिशवी आपली आपण भरावी लागते, तरी तिथेही रांग असतेच.

पण थांबून साधलेल्या या सवलतीतच दगा असला तर? सप्टेंबर 2024 मध्ये आयोगाने दोन्ही कंपन्यांवर न्यायालयात दावा लावला. त्यातलं एक उदाहरण ओरिओ बिस्किटांच्या 370 ग्रॅमच्या पुड्याचं आहे. आयोगाच्या म्हणण्यानुसार वूलवर्थ्समध्ये हा पुडा जवळजवळ दोन वर्षं साडेतीन डॉलरला मिळत होता. नोव्हेंबर 2022 च्या अखेरीस त्याची किंमत पाच डॉलर झाली. बावीस दिवस गेले आणि 20 डिसेंबरला तोच पुडा "किंमत उतरली" अशी पाटी लावून साडेचार डॉलरला ठेवला गेला. पाचावरून साडेचार म्हणजे उतरलीच की! साडेतीन आठवत असेल त्यालाच ती चढलेली दिसणार. कोल्सवरही असाच आरोप होता: घसा धरल्यावर चघळायच्या गोळ्यांचं साडेपाच डॉलरचं पाकीट अठ्ठावीस दिवस सात डॉलरला विकलं आणि मग "उतरून" सहाला. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारले. आप्पाकाका, तुम्ही असं केलं असतंत तर समोरच्या गल्लीतल्या आजींनी दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन झाडलं असतं. इथे आजींना झाडायला गल्ल्यावर माणूसच सापडत नाही. पुष्कळ ठिकाणी आपली आपण वस्तू यंत्रापुढे धरायची, पैसे भरायचे आणि चालू लागायचं.

ग्राहकाच्या हातात सरकारने एक हत्यार मात्र दिलंय. 2009 च्या नियमामुळे मोठ्या दुकानांना किमतीखाली बारीक अक्षरात शंभर ग्रॅमचा किंवा लिटरचा भावही लिहावा लागतो. "महाबचत" छापलेला मोठा डबा कधी कधी शेजारच्या छोट्या डब्यापेक्षा महाग पडतो, ते या ओळीत उघडं पडतं. डबा तोच ठेवून आतले ग्रॅम कमी करणं, हे आधुनिक मापातलं पापही तिथेच दिसतं. पण ही ओळ आजची असते, कालचा भाव तिला ठाऊक नसतो. पुड्याचं माप घटलं तर मोठ्या दुकानांनी तसं गिऱ्हाइकाला कळवावं, अशी शिफारस आयोगाने केली, ती त्यामुळेच.

आता टंचाईचं. मार्च 2020 मध्ये करोनाच्या धास्तीने लोकांनी टॉयलेट पेपर पळवला, ते तुम्ही टीव्हीवर पाहून खूप हसला होतात. गंमत अशी की तो कागद बराचसा इथेच तयार होतो. साऊथ ऑस्ट्रेलियातल्या मिलिसेंट गावची गिरणी रात्रंदिवस चालू होती. टंचाई मालाची नव्हतीच. शेजाऱ्याच्या गाडीत दोन गठ्ठे दिसले म्हणून आपण चार घ्यायचे, अशी ती होती. डार्विनच्या "एनटी न्यूज" या वर्तमानपत्राने तर आठ पानं कोरी छापून वाचकांची सोय केली. आणि वूलवर्थ्सला सकाळचा एक तास म्हाताऱ्या व अपंग गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवावा लागला.

खरी टंचाई येते ती अंतरामुळे आणि आभाळामुळे. जानेवारी 2022 मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियात अतोनात पाऊस झाला आणि पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग जागोजागी वाहून गेला. पर्थचा किराणा मोठ्या प्रमाणावर याच रुळांवरून येतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ गाड्या बंद राहिल्या, पर्थच्या फळ्या ओस पडल्या आणि दुकानांनी काही वस्तूंवर माणशी मर्यादा घातली. त्याच वर्षी क्वीन्सलँडच्या लॉकियर खोऱ्यातली शेतं पुरात गेली. जूनमध्ये सॅलडच्या पानांचा एक गड्डा दहा डॉलरच्या वर गेला आणि केएफसीने बर्गरमध्ये निम्मा कोबी घालायला सुरुवात केली.

केळ्यांची गोष्ट आणखी बोलकी. आपण डझनावर घेतो, इथे किलोवर. रोग शिरू नये म्हणून बाहेरची ताजी केळी या देशात येत नाहीत, आणि देशातली बहुतेक पिकतात क्वीन्सलँडच्या उत्तरेला टली आणि इनिसफेलच्या पट्ट्यात. मार्च 2006 मध्ये लॅरी वादळाने हा पट्टा आडवा केला, फेब्रुवारी 2011 मध्ये यासीने. दोन्ही वेळा किलोचा भाव दहा डॉलरच्या पार गेला. शाळेच्या डब्यातलं केळं अचानक श्रीमंतीचं लक्षण झालं.

माणसांमुळेही फळ्या रिकाम्या होतात. नोव्हेंबर-डिसेंबर 2024 मध्ये वूलवर्थ्सच्या गोदामांतल्या कामगारांनी सतरा दिवस संप केला. पगारवाढ हवी होतीच, शिवाय कामाचा वेग मोजणाऱ्या पद्धतीला विरोध होता. व्हिक्टोरियातल्या दुकानांत रिकाम्या फळ्यांचे फोटो काढत लोक हिंडत होते. गोदामात माणसं राबतात, हे बऱ्याच जणांना त्या पंधरवड्यात कळलं.

या सगळ्यात आपली मंडळी काय करतात? शनिवारी तीन दुकानांची प्रदक्षिणा. पोहे, तूरडाळ आणि शेंगदाणे उपनगरातल्या भारतीय दुकानातून, मेथी-कोथिंबीर बाजारातून, दूध-पाव सुपरमार्केटमधून. भारतीय दुकानाचा मालक अजून नावाने हाक मारतो आणि "ती डाळ नको, परवा नवी येतेय" असं हळूच सांगतो. मिरजेची आठवण तिथेच येते.

तुमच्या पुतणीने आता फ्रिजवर वही टांगली आहे. पंधरा वस्तूंचे शंभर ग्रॅममागचे भाव, तारखेसकट. उद्या बुधवार, नव्या चिठ्ठ्या लागतील.

एक काम करा. आपल्याकडच्या पाकिटांवरही हल्ली छापील किमतीजवळ ग्रॅममागचा भाव येतो. आठवडाभर गल्ल्यावर बसून बघा, किती गिऱ्हाइकं तो वाचतात, आणि रविवारी फोनवर आकडा सांगा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सुमन