नेरूळचे मैदान आणि मुलींची रोजी

सीएसएमटीहून पनवेलकडे जाणारी लोकल वाशीची खाडी ओलांडते आणि नवी मुंबई सुरू होते. नेरूळला उतरून सायन-पनवेल महामार्गाकडे निघाले की डी. वाय. पाटील स्टेडियमचे अवाढव्य छत नजरेत भरते. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेल्या या वास्तूत छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या आड येत नाहीत. कुठेही बसा, पूर्ण मैदान दिसते. २००८ मध्ये पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथेच झाला, त्यामुळे लोक याला क्रिकेटचे मैदान म्हणूनच ओळखतात. पण मुलींच्या फुटबॉलचे आपल्या देशात पुढे काय होणार, हे समजून घ्यायचे तर याच मैदानाची गेल्या काही वर्षांची हकिगत पाहावी.

हा विषय डोक्यात आला तो पालकसभेमुळे. शाळेत चांगली फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलीचे वडील म्हणाले, "मॅडम, खेळायला माझी मनाई नाही. पण यात पुढे रोजी आहे का?" प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ हवे.

२० जानेवारी २०२२ रोजी नेरूळच्या या मैदानावर महिला आशिया चषकात भारत आणि इराण समोरासमोर आले. इराणच्या महिला संघाची ही पहिलीच आशिया चषक स्पर्धा. त्यांच्या खेळाडू डोके झाकूनच उतरल्या आणि सामना ०-० असा बरोबरीत सुटला. यामागे मोठा प्रवास होता. २०११ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे याच डोक्यावरच्या कपड्यामुळे इराणी मुलींना ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नव्हता. २०१४ मध्ये नियम कायमचा बदलला आणि डोके झाकून खेळण्याची परवानगी मिळाली. आपल्या घरांतून अनेकदा विचारली जाणारी ही एक अडचण नियमांच्या पुस्तकात तरी आता उरलेली नाही.

भारतीय संघाचे नशीब मात्र फिरले. संघात कोरोना शिरला, २३ जानेवारीच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडूच उभ्या राहू शकल्या नाहीत आणि यजमान भारताला स्पर्धेबाहेर जावे लागले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला इथेच १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. एकाच वर्षात दोन मोठ्या स्पर्धांचे अंतिम सामने एकाच मैदानावर! वाटले, आता मुलींच्या फुटबॉलचे दिवस आले.

पण पुढे काय झाले? ४ मार्च २०२३ ला याच मैदानावर महिला प्रीमियर लीग सुरू झाली, ती क्रिकेटची. तिचे पाच संघ सुमारे ४,६७० कोटी रुपयांना विकले गेले होते आणि पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय मुलींनी इथेच क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मैदान तेच, खेळणाऱ्याही मुलीच, मग पैशात एवढा फरक का?

गावाकडचे उदाहरण घेऊ. जत्रेला हजारो लोक येतात, पण दुकानदाराचे घर चालते ते आठवडी बाजारावर. विश्वचषक ही जत्रा आहे, लीग हा बाजार. क्रिकेटकडे पुरुषांच्या खेळातून उभा राहिलेला भरपूर पैसा, टीव्हीची ठरलेली वेळ आणि जाहिरातदार आधीच होते. फुटबॉलची इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली, पण अनेक वर्षे ती काही आठवड्यांत उरकली जायची. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आळीपाळीने सामने सुरू झाले ते २०२३-२४ पासून, तेही सात संघांत. संघ महिनोन्‌महिने खेळलाच नाही, तर प्रेक्षकाला सवय लागणार कशी आणि जाहिरातदार येणार कशाला?

दुसरी अडचण म्हणजे मुलींचा संघ पुरुषांच्या संघाच्या तिजोरीवर अवलंबून असतो. केरळा ब्लास्टर्सच्या पुरुष संघाने २०२३ मध्ये सामना अर्धवट सोडला, क्लबला चार कोटींचा दंड झाला आणि काही महिन्यांतच पैशाच्या अडचणीचे कारण देऊन महिला संघ थांबवण्यात आला. दुसऱ्यांच्या चुकीची किंमत मुलींनी मोजली. याउलट त्याच राज्यातल्या गोकुळम केरळाने महिला संघ टिकवून ठेवला आणि लीग सलग तीनदा जिंकली. म्हणजे प्रश्न मुलींच्या कुवतीचा नाही, चालवणाऱ्यांच्या सबुरीचा आहे.

आशेच्या गोष्टीही आहेत. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. जुलै २०२५ मध्ये भारतीय मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया चषकात स्थान मिळवले. यजमान म्हणून मिळालेल्या जागेपेक्षा या जागेचे मोल अधिक आहे.

मग त्या वडिलांना काय सांगावे? आज आपल्या देशात फक्त क्लबच्या पगारावर घर चालवणाऱ्या मुली थोड्याच आहेत. म्हणून मुलीचे शिक्षण खेळासाठी थांबवू नका आणि शिक्षणासाठी खेळही थांबवू नका. खेळाडूंच्या कोट्यातील सरकारी नोकरी, बी.पी.एड., प्रशिक्षकाचा परवाना, पंचगिरी, फिजिओथेरपी या सगळ्या वाटा मैदानावरूनच जातात. त्यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवरची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. आणि एक काम पालकांनीही करावे. जवळपास मुलींचा सामना असेल तेव्हा अम्मी, अब्बा आणि भाऊ सगळ्यांनी मिळून जावे, तिकीट असेल तर ते काढून जावे. मुलींच्या खेळाचा बाजार उभा राहायचा असेल तर पहिले गिऱ्हाईक त्यांच्याच घरातून यायला हवे.