झोपेची इस्टेट

लहान मुलाच्या झोपेसारखी श्रीमंती नाही. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला झोप येत नाही, म्हणून हा हेवा! असेल. पण आमच्या खानदेशात वैशाखातल्या रात्री ज्याने धाब्यावर काढल्या आहेत, त्याला माझे म्हणणे पटेल. धुळ्याच्या आमच्या घराला मातीचे धाबे होते. अवचित वळीव आला की वडील आम्हा भावंडांना एकेक करून खांद्यावर टाकीत आणि शिडीवरून खाली आणीत. वर ढगांचा गडगडाट, खाली आईची गोधड्या आवरण्याची तारांबळ. आणि आम्हांला सकाळी नवल, की आपण खाली आलो कसे!

याचे उत्तर मला फार पुढे पुस्तकांत सापडले. माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरी टिपण्याची किमया जर्मनीत हान्स बर्गरने 1924 साली साधली. गाढ झोपेत या लहरी संथ आणि उंच होतात. बालपणी त्या जेवढ्या उसळतात, तेवढ्या पुढे आयुष्यात कधीच नाहीत. मग ढगांनी गडगडून काय व्हायचे? तान्ह्या बाळाची निम्मी झोप तर पापण्यांखाली डोळे फिरवण्यात, स्वप्नांच्या जातीच्या झोपेत जाते. मोठेपणी हिचा वाटा जेमतेम पाव उरतो. ही झोप शिकागोतल्या युजीन ॲसेरिन्स्कीने उजेडात आणली, 1953 साली. त्यासाठी त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच यंत्राला जोडून निजवले होते. बापही कसकसले असतात!

खरी पडझड होते ती अकरा ते सोळा या वयात. त्या संथ लहरींचा जोर तेव्हा निम्म्याहून अधिक ओसरतो. मेंदू आपली जास्तीची जोडणी छाटून टाकतो म्हणून असे होत असावे, असे मत अर्विन फाइनबर्ग यांनी 1982 साली मांडले. जळगावकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. केळीची जादा पिले कापली नाहीत, तर घड पोसतो का?

त्याच वयात शरीराचे घड्याळही मागे पडते. रात्री अकराला डोळा लागत नाही, पहाटे उघडत नाही. जळगावात माझी चौदा वर्षांची नात सध्या यावरून रोज बोलणी खाते. आळशी म्हणे! चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने 2024 मध्ये काढला. ठीकच. पण ज्यांना पहाटे उठणे सर्वांत जड, ती नववी-दहावीची मुले त्यात नाहीत.

हे सगळे मी सुनेला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“नाना, गाडी साडेसहाला येते,” ती म्हणाली आणि तिने नातीची गोधडी ओढली.